आबांच्या नावानं बंद

महिपती आबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी गावानं त्यांना मोठा मान दिला. त्यांनी उभं केलेलं नेट बंद करून टाकलं.

मान द्यायची ही रीत गावाला नवी नव्हती. वजनदार माणूस गेलं की त्या दिवशी पिठाची गिरणी थांबायची, दुकानदार शटर अर्ध्यावर ओढून आत बिड्या ओढत बसायचे, चहाची टपरी झाकली जायची. मागच्या दारानं सगळं मिळायचं, पण पुढून गाव दुःखात दिसायचं. आबांच्या वेळी चेअरमन तिप्पण्णाला एवढं पुरेसं वाटलं नाही. गिरणी काय, सोसायटीच्या जुन्या संचालकासाठीसुद्धा बंद राहिली होती. आबांसाठी काहीतरी आबांचंच बंद ठेवायला हवं. म्हणून देवळाच्या भोंग्यावरून, ज्या आवाजात चुकलेल्या म्हशी आणि पोलिओचे डोस पुकारले जातात त्याच आवाजात, त्यानं पुकारा केला की महिपती आबांच्या दुखवट्यानिमित्त गावचं इंटरनेट तेराव्यापर्यंत बंद राहील, सर्वांनी सहकार्य करावं.

सुकन्येनं तो पुकारा ऐकला होता. ती ओसरीवर बायकांच्या घोळक्यात बसली होती, एक चुलती तिच्या गळ्यात पडून हेल काढत होती, आणि भोंग्याचे शब्द भिंतीवरून पावसाचं पाणी ओघळावं तसे तिच्यावरून ओघळून गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडून पुरुष माणसं सीना नदीवरून परत आली, भाकरी-पिठलं झालं, तिचा नवरा नोकरीसाठी सोलापूरला निघून गेला आणि तिनं कॉलेजला रजेचं कळवायला मोबाईल हातात घेतला. निरोप जाईना. तिनं कोनाड्यातला नेटचा डबा बघितला. त्याच्यावरचा एकच दिवा लाल जळत होता.

"आई, हे बंद कसं?"

गोजाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोळे उघडले नाहीत.

"तुझ्या बापाचा मान ठिवलाय. तेरा दिस."

सुकन्येला आधी ते कळलंच नाही, आणि कळल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे आबांना सांगितलं पाहिजे. आबा खोकत खोकत हसले असते. मग टोपी घालून, वहाणा शोधत, तडक देवळाकडे गेले असते.

गाव मंद्रूपच्या पुढं, सीनेच्या काठाला, बशीत सांडगे ठेवावेत तसं खोलगटात बसलेलं. मोबाईलला रेंज म्हणावी अशी फक्त वरच्या माळावर, पाण्याच्या टाकीपाशी. खाली गावात फोन लागला तर लागला. मोठ्या कंपन्यांची माणसं दोनदा येऊन बघून गेली होती आणि एवढ्याशा गावासाठी केबल आणणं परवडत नाही असं सांगून गेली होती. आबांनी हयातभर दूध संस्थेची सचिवकी केली होती. घराघरांतून तांब्या-तांब्यानं दूध गोळा करून टँकर भरता येतो, तर एकच मोठी लाईन विकत घेऊन ती घराघरांत वाटता का येणार नाही, एवढा साधा हिशेब त्यांनी मांडला. त्याची सहकारी संस्था केली, तिप्पण्णाला चेअरमन केलं. एक घर, एक मत. महिन्याची वर्गणी दुधाच्या बिलातून कापायची. हमरस्त्यावरून केबल आणली, लोखंडी पाइपांचे खांब रोवले, खांब संपले तिथं धाब्यावरून आणि माडीवरून तारा नेल्या. यंत्रं ठेवायला देवळाच्या सभामंडपातली बाजूची खोली मागून घेतली, कारण गावात वीज कुठंही गेली तरी देवळाचं सोलर चालू असायचं.

तेव्हा गाव पोट धरून हसलं होतं. म्हातारा आता तारेतून दूध सोडणार, असं पारावर म्हणायचे. आबा खांबावर चढणाऱ्या पोरांना खालून सूचना देत उभे असले की येणारा-जाणारा विचारायचा, आबा, म्हशीला पण लावताय का? पहिली सहा घरं जोडली गेली आणि हसणं थांबलं, कारण सातव्या घराला आपण मागं राहिल्याचं वाटलं. त्यानंतर या गावानं नेट असं काही ओढलं की जणू ते पूर्वजांनीच खणून ठेवलेल्या विहिरीचं पाणी. पंचायतीचे दाखले, कांद्याचे भाव, नववीच्या शिकवण्या, बेंगलोरला गेलेल्या मुलांची तोंडं, सगळं त्या तारेतून यायचं. आबांचे आभार कुणी मानले नाहीत. आबांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दूध घालणारे तरी कुठं सचिवाचे आभार मानतात.

आता मात्र गाव त्यांना आदरांजली वाहत होतं.

बंदचा पुकारा झाला त्याच संध्याकाळी एका खासगी कंपनीची पांढरी जीप गावात आली. खबर दिली होती अजिनाथनं. आबांनीच वायरी जोडायला शिकवलेला, आबांच्या हाताखाली पगार घेतलेला हा माणूस. मेन स्विच खाली ओढून, खोलीला कुलूप घालून, चावी देवळात देऊन, तो माळावर गेला आणि कंपनीच्या ऋतुराजला फोन करून मोकळा झाला. कंपनीनं त्याला नोकरी देऊ केली होती. ऋतुराज टेंभुर्णीकडचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं तुपासारखं. दुःखात सापडलेल्या गावाला कंपनीचा हातभार म्हणून तीन महिने फुकट, एवढंच त्याचं म्हणणं. त्याला काही खणावं लागलं नाही, रोवावं लागलं नाही. आबांच्याच खांबांवरून त्यानं आपली काळी तार ओढली. हमरस्त्यापासून गावापर्यंत खांब आयते उभे होते, आणि तेवढ्यामुळं हे गाव कंपनीला एकाएकी परवडायला लागलं होतं.

चौथ्या दिवशी सुकन्या चुलत्याकडं निरोप द्यायला म्हणून बाहेर पडली तेव्हा वरच्या आळीतल्या बऱ्याच घरांच्या दारावर तिला कंपनीचे नवे निळे डबे दिसले, अजून चालू न झालेले. एका घरची बाई डब्याला हळदीकुंकू लावत होती. सुकन्येला बघून तिनं चेहरा पाडला, पदर तोंडाला लावला आणि आबांसारखा माणूस होणे नाही असं म्हणाली. सुकन्येनं मान हलवली. तिला शब्द सापडला नाही असं नव्हतं. तिला बरेच सापडले होते, आणि ती जन्मभर पुस्तकांत राहिलेली बाई असल्यामुळं त्यातले काही चांगलेच धारदार होते. तिनं ते गिळले आणि चुलत्याकडं न जाता चेअरमनच्या घराकडं वळली.

तिप्पण्णानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अर्धा तास आबांविषयी बोलला. बोलताना त्याचे डोळे खरोखर भरून आले. सुकन्या ते नीट न्याहाळत होती. तिला वाटलं होतं, हा कंपनीला विकला गेलेला असेल, काहीतरी ठरवून चाललेलं असेल. तसं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण तिप्पण्णाच्या बोलण्यात कसलंही काळंबेरं नव्हतं. त्याला मनापासून वाटत होतं की आपण आबांचा असा मान ठेवला, जसा तालुक्यात कुणी कुणाचा ठेवला नसेल. नेट बंद राहिलं तर घरं दुसरीकडं जातील, गेलेली घरं परत येत नाहीत, आणि घरं गेली की संस्थेला ती मोठी लाईन पेलत नाही, हे तिनं त्याला दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी समजावलं. त्यानं दोन्ही वेळा मान डोलावली. कट करायलाही थोडी बुद्धी लागते, आणि चेअरमनवर तो आरोप करता येणार नाही, असं सुकन्येला वाटलं.

उलट त्यानंच तिला पुढची बातमी दिली. उद्या दुपारी देवळापुढं शोकसभा होती. तिथं सभासदांसमोर ठराव येणार होता की संस्थेचे खांब आणि लाईन कंपनीला चालवायला द्यावी. कंपनी प्रत्येक डब्यावर आबांच्या नावाची चिकटपट्टी लावणार होती. फोटोसकट.

"म्हंजे कसं," तिप्पण्णा म्हणाला, "घराघरात आबा राहतील."

सुकन्येनं हातातला पेला खाली ठेवला.

"चेअरमन, ठराव करायचा तो करा. पण तोवर नेट तरी चालू करा. लोकांना काय सोडायचंय ते चालू असताना कळू दे."

"आता कसं करता येईल? दुखवटा जाहीर केलाय. तेराव्याच्या आत चालू केलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याची राख अजून गरम हाय आन् संस्थेला धंद्याची घाई."

"मी करते. मला चावी द्या. लोक मला म्हणतील."

तिप्पण्णा अवघडला. त्याला नाही म्हणायचं होतं, पण शोकातल्या मुलीला तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही. मग त्याला एक चांगली वाट सुचली आणि त्याचा चेहरा मोकळा झाला.

"चावी दिली असती की पोरी. पण खोली पडली देवळात, सभामंडपातनं जावं लागतंय. तुमी पडला सुतकात. तुमच्या घरच्या कुनालाबी तेराव्यापतूर देवळात पाय ठिवता यायचा न्हाय. तुमचं सुतक नसतं तर मी काय चावीला नको म्हनलं असतं?"

यावर त्याच्या दृष्टीनं बोलणं संपलं होतं.

सुकन्या घरी आली तेव्हा ओसरीवर बिरदेव बसला होता. तिचा चुलत भाऊ. आबांना मुलगा नव्हता, म्हणून अग्नी त्यानं दिला होता, आणि गेल्या चार दिवसांत तो त्या एका कामावर बराच मोठा झाला होता. गोजाबाईला तो आता काकू म्हणायचं सोडून नुसतं आई म्हणत होता. त्याच्या खिशातून कंपनीच्या डब्याबरोबर मिळालेला निळा पेन डोकावत होता. सुकन्येनं त्याला उद्याच्या ठरावाविषयी विचारलं आणि आपण सभेत दोन शब्द बोलणार असल्याचं सांगितलं.

बिरदेवनं सुपारी गालात सरकवली.

"आक्का, राग मानू नको. पर तू बोलनार कोन म्हनून?"

"आबांची मुलगी म्हणून."

"दिल्या घरची लेक तू. तुझं घर सोलापूरला. सुतकसुदिक तुला तीन दिसाचं, काल फिटलं. न्हालीस, मोकळी झालीस. तेरा दिस काढायचेत ते आमी. अग्नी दिलाय आमी, दहावा घालनार आमी. हितलं काय करायचं ते आमी बघू की."

आतून गोजाबाईनं भांडं आपटलं. सुकन्या मात्र चिडली नाही. ती बिरदेवकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, इतकी की त्यानं नजर खाली केली आणि आपण फार लावून बोललो असं वाटून, आक्का तुला वाईट वाटावं म्हणून नव्हतो बोललो, असं पुटपुटला. तिनं त्याला चहा करून दिला. या घराण्यात कित्येक वर्षांत बिरदेव पहिल्यांदाच काहीतरी उपयोगाचं बोलला होता, आणि ते त्याला कळलंही नव्हतं.

लग्न झालेल्या मुलीला बापाचं सुतक तीनच दिवस. कारण ती या घरची उरलेली नसते. हे तिला लहानपणापासून माहीत होतं, पण माहीत असून कधी लक्षात नव्हतं. आई-बापाच्या मरणातसुद्धा लेकीला वाटा कमीच द्यायचा, अशी ही व्यवस्था. ज्यांनी कुणी ती केली त्यांनी काय विचार केला असेल, यावर ती एरवी वर्गात तासभर बोलली असती. त्या संध्याकाळी तिनं फक्त आईला विचारलं की माझं खरंच फिटलंय ना?

"फिटलं की," गोजाबाई म्हणाली. "माझं फिटायचं न्हाय. तुझं फिटलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं. गरज नव्हती, पण उद्या कुणी विचारलं तर उत्तर असावं म्हणून. धुतलेलं लुगड्याच्या काठाचं साधं पातळ नेसली आणि देवळामागं चंद्रव्वाकडं गेली. चंद्रव्वा देवळाची झाडलोट करायची, दिवाबत्ती बघायची. चाव्यांचा जुडगा तिच्या कमरेला. पुढच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या जात होत्या, कुणीतरी माईकमध्ये फुंकर मारत होतं.

चंद्रव्वानं तिला दारातच थांबवलं.

"चेअरमननं सांगितलंय, चावी द्यायची न्हाय."

"कुणाला द्यायची नाही म्हणाले?"

"सुतकातल्यास्नी."

"माझं तिसऱ्या दिवशी फिटलं, चंद्रव्वा. मी दिल्या घरची."

चंद्रव्वानं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि विचार केला. तिला शास्त्र मोडायचं नव्हतं आणि तिला शास्त्रात काही अडचण सापडेना.

"हौदु," ती कानडीत होकार भरत म्हणाली. "तू परक्याचीच की. मंग तुला आडवायचं काय कारन?" जुडगा सोडवता सोडवता तिनं आवाज खाली आणला. "माझी लेक विजापूरला आसती. रोज दिवा लावला की तिचं तोंड बघत्ये मोबाईलात. चार दिस न्हाय बघितलं. चेअरमनच्या दुखवट्याचं माझ्या लेकीनं काय घोडं मारलंय?"

"त्यांना का नाही सांगितलंत?"

"मला कोन इचारतंय? तुला तरी कोन इचारतंय म्हना."

सुकन्येनं पाय धुतले आणि बाजूच्या दारानं सभामंडपात शिरली. समोर गाभाऱ्यात देव नेहमीप्रमाणं कशातच नव्हता. तिनं खोलीचं कुलूप काढलं.

आत झेंडूचा आणि जळलेल्या उदबत्तीचा वास कोंडला होता. यंत्रांच्या कपाटाला कुणीतरी हार घातला होता. मधल्या फळीवर आबांचा फोटो. तो दूध संस्थेच्या अहवालातून कापलेला असावा, कारण आबांच्या डाव्या बाजूला दुसऱ्या कुणाचातरी अर्धा खांदा राहून गेला होता. फोटोपुढं उदबत्त्यांची राख, एक विझलेली पणती, आणि पणतीचं तेल सांडून थेट बॅटरीच्या झाकणापर्यंत आलेलं. हारातल्या फुलांचं पाणी यंत्राच्या जाळीवर ठिबकून वाळलं होतं. आबा या खोलीत तांब्याभर पाणी आणू देत नसत. धूळ नको म्हणून दाराला ओला फडका, आणि आत यायचं तर पाय कोरडे करून.

तिनं हार काढला. फोटो काढून पालथा न घालता, सरळ, खिडकीत ठेवला. पदरानं तेल पुसलं, जाळी पुसली. मग ती आबांच्या स्टुलावर बसली. गुडघा वाकत नव्हता म्हणून आबांनी त्या स्टुलाला खाली लाकडी ठोकळे लावून उंच करून घेतलं होतं. सुकन्येचे पाय जमिनीला टेकेनात. बाहेर कुणीतरी माईकवर हॅलो हॅलो करत होतं. दर रविवारी आबा फोनवर तिला या खोलीतलं सगळं सांगायचे, कुठलं बटण, कुठला दिवा, वीज येऊन गेली की काय आधी आणि काय मागून. ती पेपर तपासत हं हं करत ऐकायची. कान तेवढे शहाणे निघाले होते. आधी बॅटरीचं, मग मोठ्या डब्याचं, तो हिरवा होईपर्यंत थांबायचं, घाई केली की रुसतो, आणि मग बाकीच्यांचं.

तिनं मेन स्विच वर केला आणि पहिलं बटण दाबलं. खोलीत पंख्यांची बारीक घरघर सुरू झाली. मोठा डबा लाल झाला. ती थांबली.

बाहेर सभा सुरू झाली होती. भिंतीतून शब्द नीट ऐकू येत होते. तिप्पण्णा म्हणत होता की आबा हे गावाचे दीपस्तंभ होते. समुद्रापासून इतक्या लांब, कोरड्या मुलखात, हा दीपस्तंभ नेमका कुठून आला असेल असा प्रश्न सुकन्येला पडला. मग शाळेचे एक गुरुजी बोलले. त्यांनी आबांची आणि स्वतःची पहिली भेट सांगितली, त्यात आबा फारसे नव्हते. बिरदेव उभा राहिला, काका म्हणाला, आणि हुंदका आल्यामुळं खाली बसला. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळलं नाही, काहींनी वाजवल्या. मग ऋतुराज. त्यानं कंपनीच्या वतीनं फुलं वाहिली आणि आबांचं स्वप्न कंपनी पुढं नेईल असा शब्द दिला. ज्या माणसानं आबांना एकदाही पाहिलं नव्हतं त्याला त्यांचं स्वप्न तोंडपाठ होतं.

डबा हिरवा झाला. सुकन्येनं एकामागून एक सगळी बटणं दाबली.

पटांगणातल्या लिंबाला आबांनी एक डबा टांगून ठेवला होता, देवळात येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. गावातल्या प्रत्येक मोबाईलची त्याच्याशी ओळख होती. तिप्पण्णा पुन्हा माईकवर आला होता आणि ठरावाचं वाचन करत होता, स्वर्गीय महिपती आबांच्या स्मृतीस अभिवादन करून ही सभा, एवढ्यावर आला, आणि पुढच्या रांगेत कुणाचा तरी मोबाईल टिंग वाजला. मग मागं दोन. मग एकदम, ज्वारीच्या लाह्या तव्यावर फुटाव्यात तसं, सबंध पटांगण फुटायला लागलं. खिशांत, पदरांत, सतरंज्यांवर, बायकांच्या ओट्यांत.

चार दिवस अडकून पडलेलं सगळं एका दमात चाललं होतं. आणि त्यात सगळ्यात जास्त होता तो एकच मजकूर. आबा गेल्याचं कळल्यावर गावानं गावच्या ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली टाकायला घेतली होती. कुणाची जायच्या आधीच नेट बंद झालं, कुणी नंतर सवयीनं टाकली. ती सगळी त्या त्या मोबाईलात घड्याळ दाखवत अडकली होती. आता ती सुटली. ज्यांनी पाठवली त्यांच्याच शेजारी बसलेल्यांच्या खिशात ती धडाधड येऊन पडत होती. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. जोडलेले हात, मेणबत्ती, पांढरं फूल, पुन्हा जोडलेले हात. एकानं घाईत वाढदिवसाचा केक पाठवला होता, तोही पोचला.

सुकन्या खोलीतून बाहेर येऊन सभामंडपाच्या पायरीवर उभी राहिली.

तिप्पण्णानं तिला बघितलं. माईक तोंडापाशीच होता, त्यामुळं त्याचा प्रश्न सगळ्या गावाला ऐकू गेला.

"कुनी चालू केलं?"

"मी."

"सुतकात देवळात शिरलीस?"

"माझं तिसऱ्या दिवशी फिटलंय, चेअरमन. सुतक नसतं तर चावी दिली असती, असं तुम्हीच म्हणालात. बिरदेवला विचारा."

तिप्पण्णानं बिरदेवकडे बघितलं. बिरदेवनं मान वर केली नाही. त्याच्या मोबाईलात बरंच काही येत होतं.

"फिटलंय," तो म्हणाला. "तीनच दिसाचं आसतंय लेकीला."

बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं की बसा की चेअरमन, लागलंय ते लागू द्या. कुणीतरी हसलं. मागच्या रांगेत एका मोबाईलवर कांद्याचा भाव वाचला जात होता, आणि तो चार दिवसांत बदलला होता, त्यामुळं तिथं वेगळाच शोक सुरू झाला. चंद्रव्वा खांबाआड मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून कानडीत ओरडून बोलत होती. ऋतुराज सभेच्या कडेनं तिप्पण्णापाशी आला आणि ठराव उरकून घ्या असं हळूच म्हणाला.

तिप्पण्णानं घसा खाकरला. माणसं हजर होती, ठराव तयार होता, आणि या गावानं आजवर हात वर करायला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यानं मोठ्यांदा विचारलं की ठराव ज्यांना मंजूर असेल त्यांनी हात वर करावेत.

प्रत्येकाच्या एका हातात मोबाईल होता आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याच्यावर फिरत होतं. वर करायला कुणाचाच हात मोकळा नव्हता. तिप्पण्णानं पुन्हा विचारलं. समोरच्या एका म्हाताऱ्यानं त्याला गप बसण्याची खूण केली, कारण त्याला नातवाचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

ठराव पडला म्हणायचं तर तो कुणी पाडलाही नव्हता. नेट परत आलं म्हणून कुणाला आबांची आठवण आली असंही सुकन्येला वाटलं नाही. हीच माणसं, हेच हात. उद्या दुसऱ्या कुणी दुसरं काही फुकट दिलं तर तिकडं वळतील. आबांना हे माहीत नव्हतं असं मानणं आबांचा अपमान होता. त्यांना ते चांगलं माहीत होतं, आणि तरी ते रोज सकाळी पाय कोरडे करून त्या खोलीत जाऊन बसत होते. का, ते तिनं कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला कुणी नव्हतं.

ऋतुराजनं फुलांची करंडी तिथंच ठेवली आणि आपला फलक गुंडाळायला घेतला. तिप्पण्णा माईक हातात धरून उभा होता. मग त्याच्याही खिशात काहीतरी वाजलं. त्यानं ते काढून बघितलं, आणि बघतच राहिला.

सुकन्या घराकडं निघाली. आईला सांगायचं होतं. पाराच्या वळणावर मागून कुणीतरी पळत येऊन तिला गाठलं. बिरदेव. धाप लागलेली, डोळे अजून रडून सुजलेले, हातात मोबाईल तिच्यापुढं धरलेला. ती थांबली. तो काय म्हणेल याची तिला उत्सुकता नव्हती, पण तो चार दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी काहीतरी मागायच्या आवाजात बोलत होता.

"आक्का, हे बघ की, घरनं निरोप आलाय. आमच्या घरापाशी लई हळू चालतंय. गोल फिरतंय नुसतं."

सुकन्येनं मोबाईलकडं बघितलं. मग त्याच्या घराच्या दिशेनं, वरच्या आळीत, जिथं आबांच्या तारेवर कंपनीची काळी तार पिळा घालून बसली होती.

"ती काळी तार आधी काढ," ती म्हणाली. "मग शिडी लावून ठेव. उद्या सकाळी बघते."